एम.डी.एस.च्या दारात जादा पदवीला किंमत किती?

नायगाव, परळ, लालबागच्या चाळींतून दंतवैद्यक शिकलेली आपली मुलेमुली आता दिसू लागली आहेत. बी.डी.एस.ची चार वर्षे, इंटर्नशिपचे एक, आणि मग प्रश्न उभा राहतो एम.डी.एस.चा. अशा वेळी हितचिंतक सांगतात, "आधी एखादी एम.एस्सी. किंवा एम.पी.एच. करून ठेव, अर्जाला वजन येईल." हा सल्ला किती खरा?

आपल्याकडे तरी खोटा! २०१७च्या प्रवेशांपासून एम.डी.एस.ची वाट नीट-एमडीएस या एकाच परीक्षेतून जाते. मुंबई सेंट्रलचे नायर दंत महाविद्यालय असो की सेंट जॉर्जेसच्या आवारातले शासकीय दंत महाविद्यालय, यादी लागते ती या गुणांवर आणि प्रवर्गानुसार. जादा पदवीला तिथे एकही गुण नाही. अमेरिकेत विशेषज्ञ अभ्यासक्रमासाठी संशोधन, शिफारसपत्रे, मुलाखत पाहतात. तिथला सल्ला इथल्या पोराला दिला की त्याची दोन वर्षे गेलीच.

पदवीवर आपल्या समाजाची श्रद्धा आहे आणि ती योग्यच आहे. १९१२ साली एल्फिन्स्टनमधून बी.ए. झालेले बाबासाहेब पुढच्याच वर्षी कोलंबियाला गेले. तिथे ती पदवी मोजली गेली. इथे मोजली जात नाही, एवढाच फरक. गुणवत्तेचा टेंभा मिरवणाऱ्यांना यात काही वावगे वाटत नाही. वस्तीत दोन वर्षे दातांच्या आरोग्याचे काम केलेली डॉक्टर त्यांच्या हिशेबी शून्य! जानेवारी २०२२ मध्ये अखिल भारतीय कोट्यातले ओबीसी आरक्षण वैध ठरवताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितले, की परीक्षेतले गुण म्हणजेच गुणवत्ता नव्हे. प्रवेशाची पद्धत मात्र तीच राहिली.

खरा धोका पुढेच आहे. एका टप्प्याचे शिक्षण पुरे करून त्याच टप्प्यावर दुसरा विषय घेणाऱ्याला मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती नाही, हा त्या योजनेतला जुना नियम. एका विषयात एम.ए. करून दुसऱ्यात एम.ए. करणाऱ्याला तो लागतो. मग एम.पी.एच.नंतरच्या एम.डी.एस.चे काय? तीन वर्षांच्या शुल्काचा हा प्रश्न आहे. गिरणी कामगाराच्या नातवाला तो चुकीच्या वेळी कळून परवडणार नाही.

सार्वजनिक आरोग्यातच काम करायचे असेल तर एम.पी.एच. जरूर करावी. पण एम.डी.एस.ची शिडी म्हणून ती करणार असाल, तर प्रवेश घेण्याआधी समाज कल्याण कार्यालयात अर्ज द्या आणि उत्तर लेखी घ्या.