धातूचा आरसा, हवेचा आरसा

बॅटरी काढून ठेवलेली एखादी जुनी मोटार अंधारात उभी असते. मागून दुसरी गाडी येते, तिच्या हेडलाइटचा झोत पडतो आणि या निर्जीव गाडीचे मागचे दिवे लालभडक लकाकतात. आत बल्ब पेटलेला नाही, वायरीत वीज नाही. येणाऱ्या ड्रायव्हरने पाठवलेला उजेडच लाल होऊन त्याच्याकडे परत गेलेला असतो. बाजूच्या फुटपाथवर उभ्या असलेल्या माणसाला मात्र त्यातलं जवळजवळ काहीच दिसत नाही.

जुन्या मोटारीच्या मागच्या दिव्यांत अनेकदा दोन प्रकारचे आरसे एकत्र नांदत असतात आणि दोघांनाही आपण रिफ्लेक्टरच म्हणतो. एक असतो बल्बच्या मागची चकचकीत वाटी. दुसरा असतो लाल काचेतला, आतून बारीक षट्कोनी नक्षी असलेला पट्टा. (काच म्हणायची पद्धत, असतं ते ॲक्रिलिक.) कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात बनलेल्या पद्मिनी 2023 च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या टॅक्सी स्टँडवरून कायमच्या गेल्या, पण हौशी मंडळींनी जपलेल्या पद्मिनी आणि ॲम्बॅसेडर अजून आहेत. त्यांच्या डेंटिंग-पेंटिंगवर पैसा आणि जीव ओतला जातो. मागचे दिवे मंद झाले की मात्र चंदेरी स्प्रेचा डबा उचलायचा आणि आत सगळीकडे मारायचा, असा उपाय होतो. तो पाहून मला खरंच वाईट वाटतं, कारण या दोन आरशांपैकी एक धातूवर जगतो आणि दुसरा हवेवर.

आधी वाटी पाहू. बल्बची तार उजेड चहूकडे फेकते. त्यातला मागे जाणारा उजेड वाटी अडवते आणि पुढे पाठवते. वाटीचा आकार पॅराबोलाचा असेल आणि तार तिच्या केंद्रबिंदूवर असेल, तर सगळे किरण समांतर होऊन निघतात. पुढच्या काचेवरच्या रेघा त्यांना मग हवे तसे पसरवतात. प्लास्टिकच्या वाटीवरचा चंदेरी थर ॲल्युमिनियमचा असतो, आणि तो चढवण्याची रीत विलक्षण आहे. बंद पेटीतली हवा जवळजवळ सगळी उपसून काढतात. टंगस्टनच्या तापलेल्या वेटोळ्यावर ॲल्युमिनियमचा तुकडा वितळतो आणि त्याची वाफ होते. वाटेत हवेचे रेणू आडवे येत नसल्यामुळे अणू सरळ रेषेत उडतात आणि समोरच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात. हा थर साधारण 100 नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे जेमतेम साडेतीनशे अणूंच्या जाडीचा असतो. एवढ्याशा थरावरून दृश्य प्रकाशाचा सुमारे 90 टक्के भाग परत फिरतो. जॉन स्ट्राँग या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने 1935 मध्ये माउंट विल्सनवरच्या 100 इंची दुर्बिणीच्या आरशावर याच रीतीने ॲल्युमिनियम चढवलं होतं. ज्या विद्येने दूरच्या आकाशगंगा दिसतात, तीच पाच वॅटच्या बल्बमागे बसलेली आहे.

अशी वाटी मंद होते ती बहुतेक वेळा धुळीने नव्हे. रबरी गॅस्केट कडक होऊन चिरतं, पावसाळ्यात ओल आत शिरते, किनाऱ्याजवळच्या गावांत तिच्यासोबत मीठही येतं. ॲल्युमिनियमचं हळूहळू ऑक्साइड होतं, आणि ऑक्साइड पारदर्शक असतं. म्हणजे आरसा मळत नाही, तो नाहीसा होतो आणि मागचं करडं प्लास्टिक दिसू लागतं. म्हणून वाटी फडक्याने कधीही पुसू नये, उरलेले अणूही फडक्यावर येतील. कोमट पाणी, सौम्य साबणाचा एखादा थेंब, आणि मग निथळू देणं, एवढंच करावं. थर गेलाच असेल तर व्हॅक्यूम मेटलायझिंग करणाऱ्याकडून तो पुन्हा चढवून घेणं हा खरा उपाय आहे. चंदेरी स्प्रेमध्ये धातूचे पापुद्रे राळेत वेडेवाकडे पडलेले असतात, त्यामुळे उजेड काही प्रमाणात परततो, पण दिशा हरवून. काही जुन्या दिव्यांत मुळात पांढरा रंगच दिलेला असे. तिथे चांगला चकचकीत पांढरा रंग पुन्हा द्यावा. चंदेरीपेक्षा तो उजवा, असं माझं ठाम मत आहे.

आता लाल पट्टा. त्याची एकेक षट्कोनी खूण म्हणजे एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन भिंतींचा कोपरा. कॅरमचा स्ट्रायकर कोपऱ्याजवळच्या दोन कडांवर लागोपाठ आपटला, की आला त्याच दिशेला समांतर परततो. इथे तीन भिंती असल्याने प्रकाश वरून, खालून, तिरका, कसाही आला तरी ज्याने पाठवला त्याच्याकडे जातो. अपोलो 11 च्या अंतराळवीरांनी 1969 मध्ये चंद्रावर असेच 100 लोलक ठेवले. पृथ्वीवरून सोडलेला लेसर त्यांच्यावरून अडीच सेकंदांत परत येतो, आणि चंद्र दरवर्षी 3.8 सेंटिमीटर दूर जातो आहे हे आपण त्यावरून मोजतो. चांद्रयान 3 च्या विक्रमवरही आठ लोलकांची छोटी घुमटी आहे.

या पट्ट्यामागे चांदी नाही, ॲल्युमिनियम नाही. तिथे आहे फक्त हवा. ॲक्रिलिकमधला किरण हवेच्या सीमेवर 42 अंशांपेक्षा जास्त तिरका आदळला, तर बाहेर पडूच शकत नाही. तो पूर्णपणे आत परततो. समोरून आलेला किरण या भिंतींवर सुमारे 55 अंशांनी आदळतो, म्हणून प्रत्येक भिंत निर्दोष आरसा ठरते. पण मागे पाणी साचलं, की ती मर्यादा 63 अंशांवर जाते आणि 55 कमी पडतात. आरसा तत्क्षणी खिडकी होतो. तडा गेलेल्या रिफ्लेक्टरमध्ये काळे डाग दिसतात ते यामुळे. मागून रंग मारला तर हीच गत, आणि ती कायमची. ओल शिरलेला पट्टा पूर्ण वाळवून तडा सील करावा. मागची बाजू कोरडी, स्वच्छ आणि मोकळी राहिली पाहिजे.

काचेचा बाहेरचा धुरकटपणा मात्र हाताने जातो. 1000 नंबरपासून चढत जाणारा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून चालवायचा आणि शेवटी प्लास्टिक पॉलिश. 2000 नंबरच्या पेपरचा कण साधारण 10 मायक्रॉनचा असतो, तर लाल प्रकाशाची तरंगलांबी असते एका मायक्रॉनच्या दोन तृतीयांशाइतकी. ओरखडे त्याहून बारीक होईपर्यंत प्रकाश विखुरतच राहतो, म्हणून शेवटच्या पॉलिशला पर्याय नाही. थिनर किंवा पेट्रोल लावू नये, त्याने ॲक्रिलिकला केसासारख्या चिरा पडतात. रंगच उडून गुलाबी झाला असेल तर घासून तो परत येत नाही, काच बदलावी लागते.

एवढं करूनही उजेड कमी वाटला तर होल्डर आणि अर्थिंग तपासा. टंगस्टनच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण 3.4 व्या घाताने बदलतो. गंजलेल्या अर्थमुळे बारा व्होल्टचे अकरा झाले, तर पाव उजेड तिथेच संपतो. बल्बपाशी मीटर लावून व्होल्टेज बघा, अर्थचा स्क्रू काढून खालचा गंज पत्रा चमकेपर्यंत घासा, आणि मगच काच बसवा, नव्या गॅस्केटसह.