चालतो तो प्रोग्राम बरोबरच असतो का?

क्रमाने लावलेल्या यादीतून एखादी नोंद शोधण्याची बायनरी सर्च ही पद्धत संगणकाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला सुरुवातीच्या वर्षांतच शिकवली जाते. यादीचा मधला घटक पाहायचा, हवी ती नोंद त्याच्या अलीकडे की पलीकडे हे ठरवायचे आणि उरलेली निम्मी यादी सोडून द्यायची. मधला घटक काढण्यासाठी दोन्ही टोकांचे क्रमांक मिळवायचे आणि बेरजेला दोनने भागायचे, असे फळ्यावर लिहून दिले जाते. जावा भाषेच्या प्रमाण लायब्ररीतही ते असेच लिहिले होते. तो कोड जोशुआ ब्लॉक यांचा. त्यात बग असल्याचे २००६ मध्ये त्यांनीच जाहीर केले, आणि तोवर तो बग जवळपास नऊ वर्षे जगभरच्या संगणकांवर मुक्काम करून होता. यादीत सुमारे १०७ कोटींहून अधिक घटक असले, तर दोन क्रमांकांची बेरीज २,१४,७४,८३,६४७ या मर्यादेपलीकडे जाऊ शकते. ३२ बिटांत ती मावत नाही, उत्तर ऋण येते आणि प्रोग्राम कोसळतो. जॉन बेंटली यांनी आपल्या गाजलेल्या पुस्तकात याच पद्धतीच्या अचूकतेची रीतसर सिद्धता मांडली होती, तिच्याही नजरेतून ही गोष्ट निसटली. बेरीज करून भागण्याऐवजी खालच्या टोकाच्या क्रमांकात दोन टोकांमधल्या अंतराचा निम्मा भाग मिळवला की बग जातो. दुरुस्ती एका ओळीची, पण ती हवी आहे हे कळायला नऊ वर्षे लागली, कारण एवढ्या मोठ्या याद्या आधी क्वचितच वापरल्या जात.

या एका उदाहरणात टेस्टिंग (बग शोधणे) आणि मेंटेनन्स (वापरात असलेला कोड बदलत राहणे) हे दोन्ही विषय आले. कॉलेजांत मात्र त्यांची गणना दुय्यम विषयांत होते. व्याख्या पाठ करायच्या, व्ही-मॉडेलची आकृती काढायची, परीक्षा द्यायची आणि विसरून जायचे. अभ्यासक्रम आखणारे, शिकवणारे आणि शिकणारे असे सगळेच या विषयांबद्दलचे काही गैरसमज धरून बसले आहेत, म्हणून ही स्थिती आहे.

सर्वांत जुना गैरसमज असा की ज्याला कोडिंग जमत नाही त्याने टेस्टिंगकडे जावे. ग्लेनफोर्ड मायर्स यांच्या १९७९ च्या टेस्टिंगवरील पुस्तकाच्या आरंभीचा प्रश्न ज्याने सोडवून पाहिला, तो हे म्हणणार नाही. प्रोग्रामला तीन पूर्णांक द्यायचे. त्या लांबीच्या बाजूंचा त्रिकोण समभुज, समद्विभुज की विषमभुज हे त्याने सांगायचे. यासाठी टेस्ट केस लिहा, एवढाच प्रश्न. बहुतेक जण प्रत्येक प्रकाराचे एकेक उदाहरण लिहून थांबतात. पण १, २ आणि ३ या बाजू दिल्या तर? दोन बाजूंची बेरीज तिसरीइतकीच भरते, म्हणजे त्रिकोण होतच नाही, आणि तरीही ढिसाळ प्रोग्राम त्याला खुशाल विषमभुज म्हणेल. समद्विभुजाच्या समान बाजू पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी आणि पहिली-तिसरी अशा तिन्ही प्रकारे तपासल्या का? शून्य दिले, ऋण संख्या दिली, तीनऐवजी दोनच आकडे दिले तर काय होते? आणि प्रत्येक टेस्ट केससोबत अपेक्षित उत्तर आधी लिहून ठेवले का? मायर्स यांच्या यादीत असे १४ मुद्दे आहेत आणि अनुभवी व्यावसायिक प्रोग्रामरांनाही सरासरी ७.८ च गुण पडतात, असे त्यांनी नोंदवले आहे. ज्या कामात अनुभवी माणसे निम्म्याच्या थोडी पुढे जातात, ते काम मागे पडलेल्यांसाठी राखून ठेवलेले आहे असे म्हणण्याला आधार उरत नाही. प्रोग्राम लिहिणारा एक रस्ता बांधतो. तो रस्ता कुठे कुठे खचेल याची कल्पना करायला भूमिती, तर्क आणि कोड या तिन्हींची जाण लागते.

दुसरा गैरसमज अधिक सूक्ष्म आहे, कारण तो टेस्टिंग करणाऱ्यांमध्येही आढळतो: सगळ्या टेस्ट पास झाल्या, टेस्टमध्ये कोडचा किती भाग चालला हे सांगणारे कव्हरेज शंभर टक्के आले, म्हणजे प्रोग्राम निर्दोष. निकाल लावणारे एक छोटे फंक्शन घ्या. ४० किंवा त्याहून अधिक गुण असतील तर उत्तीर्ण, नाहीतर अनुत्तीर्ण. लिहिणाऱ्याने चुकून ‘४० किंवा अधिक’ऐवजी ‘४० हून अधिक’ अशी अट घातली. आता ७५ गुण देऊन तपासले, उत्तीर्ण आले. २० देऊन तपासले, अनुत्तीर्ण आले. कोडमधली प्रत्येक ओळ चालली, दोन्ही फांद्या तपासल्या गेल्या, कव्हरेजचा आकडा शंभर टक्के दिसतो. आणि बरोबर ४० गुण मिळवलेला प्रत्येक विद्यार्थी नापास झाला. कोणती ओळ चालली एवढेच कव्हरेज सांगते, ती बरोबर आहे का याबद्दल ते काहीच बोलत नाही. म्हणून ३९, ४०, ४१ अशा सीमेवरच्या किमती मुद्दाम तपासायच्या असतात. सगळ्याच किमती तपासून टाकू म्हटले, तर ते अशक्य आहे. ३२ बिटांच्या दोन संख्या घेणाऱ्या साध्या फंक्शनच्या सर्व जोड्या तपासायच्या झाल्या, तर सेकंदाला शंभर कोटी टेस्ट चालवूनही सुमारे ५८४ वर्षे लागतील. टेस्टिंगने बग आहेत हे दाखवता येते, नाहीत हे कधीच दाखवता येत नाही, असे एड्स्खर डाइक्स्ट्रा यांनी १९६९ मध्येच रोमच्या नाटो परिषदेत मांडले होते. टेस्टिंग निरुपयोगी आहे, असा निष्कर्ष काही जण त्यातून काढतात. मला तो चुकीचा वाटतो. सगळे तपासता येत नाही म्हणूनच काय तपासायचे हे निवडण्याचे शास्त्र लागते, आणि शास्त्र शिकवणे हे विद्यापीठाचेच काम आहे.

मेंटेनन्सबद्दल तर समजूत अशी की आधीच्यांनी केलेल्या चुका निस्तरणे म्हणजे मेंटेनन्स. नव्या मुलांना सपोर्ट प्रोजेक्ट मिळाला की चेहरे पडतात ते यामुळेच. बेनेट लिएन्ट्झ आणि बर्टन स्वॉन्सन यांनी ४८७ संस्थांची पाहणी करून १९८० मध्ये जे निष्कर्ष छापले, ते वेगळे चित्र दाखवतात. मेंटेनन्सच्या कष्टांपैकी चुका दुरुस्त करण्यात साधारण पाचवा हिस्साच जात होता. निम्म्याहून अधिक कष्ट वापरणाऱ्यांच्या नव्या गरजा भागवण्यात आणि सॉफ्टवेअर सुधारण्यात जात होते, आणि बाकीचा मोठा भाग बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेण्यात. पाहणी जुनी आहे, टक्केवारी आज तशीच्या तशी लागू करू नये, हा आक्षेप मान्य. पण त्यामागचे कारण जुने झालेले नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले, तेव्हा देशभरातल्या बिलिंग सॉफ्टवेअरना हात लावावा लागला. त्यात कुणाचीही चूक नव्हती. बदलही वाटतो तेवढा सरळ नव्हता. २० सप्टेंबरला जुन्या दराने विकलेला माल गिऱ्हाइकाने २५ तारखेला परत आणला, तर त्याची क्रेडिट नोट जुन्याच दराने निघायला हवी. ज्याने दर कोडमध्ये एका ठिकाणी पक्का लिहून ठेवला असेल, त्याने नुसता आकडा बदलला की जुन्या बिलांचे हिशेब चुकणार. दराला तारीख जोडलेली हवी. हे ओळखायला व्यवहार, कायदा आणि दुसऱ्याने लिहिलेला कोड या तिन्हींचे बारकाईने वाचन करावे लागते. वापरात असलेले सॉफ्टवेअर सतत बदलत राहिले नाही तर त्याची उपयुक्तता घटत जाते, हा मायर लेहमन यांचा नियम १९७४ चा आहे, आणि जीएसटीच्या दरबदलाने तोच पुन्हा दाखवून दिला.

याच्या उलट टोकाचा गैरसमजही आहे: जो कोड वर्षानुवर्षे नीट चालला, तो तपासायची गरज नाही. ४ जून १९९६ रोजी युरोपचे एरियान ५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात चाळीसएक सेकंदांत नष्ट झाले. त्याच्या दिशादर्शक यंत्रणेतला कोड आधीच्या एरियान ४ मधून उचललेला होता आणि तिथे तो व्यवस्थित चालत होता. नव्या रॉकेटचा आडव्या दिशेतला वेग जास्त होता. त्यावरून निघालेली ६४ बिटांची संख्या १६ बिटांत बसवताना मर्यादा ओलांडली गेली आणि यंत्रणा बंद पडली. राखीव यंत्रणेतही तोच कोड असल्याने तीही त्याच कारणाने बंद पडली. कोडचा जो भाग कोसळला, त्याची उड्डाणानंतर एरियान ५ ला गरजच नव्हती. चौकशी समितीला आणखी एक गोष्ट आढळली: ही यंत्रणा नव्या रॉकेटच्या अपेक्षित मार्गाची माहिती देऊन तपासलेलीच नव्हती. जुन्या कोडमध्ये जुन्या परिस्थितीची गृहीतके दडलेली असतात. ती शोधणे मेंटेनन्स करणाऱ्याचे काम आणि नव्या परिस्थितीत ती टिकतात का हे पाहणे टेस्टिंग करणाऱ्याचे काम, म्हणून हे दोन विषय वेगळे काढून शिकवू नयेत असे माझे मत आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा की हे सगळे कंपनीत गेल्यावर शिकता येते, विद्यापीठाने मूलभूत तेवढे शिकवावे. टूलपुरता हा आक्षेप बरोबर आहे. सिलेनियमसारख्या टेस्टिंग टूलची कुठली आवृत्ती वापरायची हे शिकवण्यात सत्र घालवू नये, कारण पदवी हाती येईपर्यंत ती बदललेली असते. पण सीमेवरच्या किमती, सारख्या वागणाऱ्या किमतींची समान वर्गांत विभागणी, अपेक्षित उत्तर कुठून आणायचे हा प्रश्न, एका बदलाचा परिणाम कुठवर पोचतो याचा माग, हे सगळे मायर्स यांच्या काळापासून तसेच आहे. आयईईईच्या स्वेबॉक या ज्ञानसंग्रहात टेस्टिंग आणि मेंटेनन्स ही दोन स्वतंत्र ज्ञानक्षेत्रे आहेत. आपल्याकडे तंत्रशिक्षण मंडळाच्या पदविकेत सॉफ्टवेअर टेस्टिंग हा स्वतंत्र विषय आला, ही चांगलीच गोष्ट झाली. पुणे विद्यापीठाच्या संगणक अभियांत्रिकीच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात मात्र तो वैकल्पिक विषयांत होता. शिवाय कंपनीत चुकण्याची किंमत मोठी असते. १ ऑगस्ट २०१२ रोजी नाइट कॅपिटल या अमेरिकी कंपनीत आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला, तिथला पडून असलेला जुना कोड जागा झाला आणि पाऊण तासात ४४ कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. कॉलेजच्या लॅबमध्ये हीच चूक झाली तर दोन गुण जातात.

आता नवा आक्षेप एआयचा. कोड एआय लिहील, टेस्टही तोच लिहील, मग शिकायचे कशाला? निकालाच्या फंक्शनकडे पुन्हा पाहा. ‘४० हून अधिक’ अशी अट असलेला कोड दाखवून त्यावरून टेस्ट लिहून घेतल्या, तर ४० गुणांना ‘अनुत्तीर्ण’ हेच अपेक्षित उत्तर धरले जाण्याचा धोका आहे, आणि मग टेस्ट पास होईल. बरोबर उत्तर कोडमध्ये नसते. ते विद्यापीठाच्या नियमावलीत असते आणि ते पाहून पडताळणी करणारा माणूस लागतो. कोड जितका झपाट्याने तयार होईल, तितके दुसऱ्याचा कोड वाचून पारखणारे लोक जास्त लागतील.

अभ्यासक्रमात यासाठी फार मोठी उलथापालथ करायला नको. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट व्हायवा झाला की कपाटात जातात. ते पुढच्या वर्षीच्या मुलांच्या हाती द्यावेत आणि त्यात एक ठोस बदल करायला सांगावे, जुने काही न मोडता. आपला कोड कोणीतरी वाचणार आहे हे माहीत असले, की लिहिणाराही नीट लिहू लागतो. टेस्टिंगच्या परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी मुद्दाम बग पेरलेला कोड द्यावा आणि विद्यार्थ्याच्या टेस्ट केसनी त्यातले किती बग पकडले यावर गुण द्यावेत. म्यूटेशन टेस्टिंग या नावाने ही कल्पना १९७० च्या दशकापासून शास्त्रात आहे आणि तिला लागणारी साधने फुकट मिळतात. अभ्यास मंडळांवर असलेल्या प्राध्यापकांनी पुढच्या बैठकीत हे दोन बदल जरूर मांडावेत.