संगणकाचे ४४ आणि आपले ४४

सुरगाण्याचा अक्षांश सुमारे २०.६° उत्तर आहे. २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य विषुववृत्ताच्या २३.४° दक्षिणेस असतो. म्हणून त्या दिवशी मध्यान्ही सुरगाण्यात तो डोक्यावरच्या बिंदूपासून दक्षिणेकडे २०.६ + २३.४ = ४४° कललेला दिसतो. मग शाळेच्या मैदानात उभ्या रोवलेल्या १ मीटर काठीची सावली किती पडेल? काठीची उंची गुणिले ४४ अंशांचा टॅन. कोष्टकात ही किंमत ०.९६६ आहे. म्हणजे सावली सुमारे ९७ सेंटिमीटर.

हेच आता संगणकाला विचारू. सी, जावा, पायथन यांपैकी कोणतीही भाषा घ्या. तिच्या गणिताच्या लायब्ररीत टॅन तयारच असतो. त्याला ४४ दिले की उत्तर येते ०.०१७७. सावली पावणेदोन सेंटिमीटर! एवढी आखूड सावली सुरगाण्यात मे महिन्याच्या उत्तरार्धात पडते, डिसेंबरात नव्हे. पण चूक झाल्याची सूचना मात्र संगणक देत नाही.

कारण त्याच्या दृष्टीने चूक झालेलीच नाही. तो कोन रेडियनमध्ये मोजतो. त्रिज्येइतक्या लांबीचा कंस केंद्राशी जो कोन करतो तो १ रेडियन, सुमारे ५७.३°. पूर्ण फेरी म्हणजे २ पाय रेडियन. पायची किंमत २२/७ घेतली, तर सात फेऱ्यांचे बरोबर ४४ रेडियन होतात! प्रत्यक्षात होतात ४३.९८. उरलेला कोन जेमतेम १°, आणि संगणकाने त्याचाच टॅन दिला.

मग अंश का वापरत नाहीत? चौदाव्या शतकात केरळातील माधवाने साइनची श्रेणी शोधली. ती कंस आणि त्रिज्या यांच्या गुणोत्तरावर, म्हणजेच रेडियनवर उभी आहे. ३०° म्हणजे ०.५२३६ रेडियन. या संख्येतून तिच्या घनाचा सहावा भाग वजा करा: ०.४९९७. पाचव्या घाताचा १२० वा भाग मिळवा: ०.५०००. केवळ तीन पदांत उत्तर! लायब्ररीही कोन आधी लहान करून घेते आणि अशाच, थोड्या सुधारलेल्या बहुपदीने किंमत काढते.

तेव्हा अंशांना पायने गुणून १८० ने भागावे. ४४° चे ०.७६७९ रेडियन होतात. ही संख्या दिली की ०.९६६ मिळतात.

वर्गात मात्र संगणकाआधी अंदाज करवून घ्यावा. ४५° ला सावली काठीइतकी असते. मग ४४° ला? आणि २२ डिसेंबरला, घड्याळात साडेबारा वाजून गेल्यावर, ती मोजपट्टीने मोजावी.