बालगंधर्व आणि स्त्रीरूपाचा आदर्श

नटाची लोकप्रियता टाळ्यांवरून मोजण्याची आपली सवय जुनी आहे. परंतु नाटक पाहून घरी गेलेला प्रेक्षक पुढे काय करतो, हे माप आम्हांस अधिक विश्वसनीय वाटते. नारायण श्रीपाद राजहंस ऊर्फ बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या बाबतीत, सुशिक्षित घरांतील स्त्रिया त्यांच्यासारखे लुगडे नेसू लागल्या व त्यांच्यासारखी फुले माळू लागल्या. पुरुषाने उभे केलेले स्त्रीरूप स्त्रियांनीच प्रमाण मानावे, ही घटना विलक्षण खरी; तिची कारणे मात्र गूढ नाहीत.

१९०५ साली किर्लोस्कर मंडळीत शकुंतलेच्या भूमिकेने ते रंगभूमीवर आले. त्या काळी कुलीन स्त्रीने रंगमंचावर पाऊल ठेवणे निषिद्धप्राय होते. प्रेक्षागृहात मात्र ती येऊ लागली होती. तिच्यासमोर ‘मानापमाना’तील भामिनी (१९११) आणि ‘स्वयंवरा’तील रुक्मिणी (१९१६) अशा थाटात उभ्या राहिल्या की, नटणे आणि मर्यादा यांत विरोध नाही, असा तिला जणू दाखलाच मिळाला. १९१३ साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने या थाटासाठी पैशाकडे पाहिले नाही. शालू अस्सल, अत्तरही अस्सल. आणि पुढे झालेले कर्जही तितकेच अस्सल!

केवळ वेशभूषेने हे साधले नसते. गोविंदराव टेंबे यांनी ‘मानापमाना’त ठुमरी-कजरीच्या अंगाच्या चाली आणल्या, ‘स्वयंवरा’ला भास्करबुवा बखले यांचे मार्गदर्शन लाभले. बालगंधर्वांचे वैशिष्ट्य असे की, या चाली गाताना गवई पुढे येऊन पात्र मागे पडत नसे. संवादातून पदात शिरताना सांधा जाणवत नसे. तान शब्दाचा अर्थ घेऊनच फिरे. तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष असूनही विस्तार आटोपशीर वाटे. (‘वन्समोअर’च्या रात्री अर्थात वेगळ्या.) तीन-साडेतीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिकेत तर तो आटोपशीर ठेवणे भागच होते, म्हणूनच तबकडीवर ऐकलेले पद घरी गुणगुणणे शक्य झाले.

सयाजीराव महाराजांच्या बडोद्यात २० फेब्रुवारी १९१९ रोजी ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग झाला. भरजरी वस्त्रांनी मोहविणारा हा नट सिंधू म्हणून फाटक्या लुगड्यात आला आणि तरीही प्रेक्षक त्याचाच राहिला. आमच्या मते त्यांच्या अभिनयाची खरी कसोटी येथे आहे. पण याच ठिकाणी थोडे थांबावयास हवे. सिंधू पुरुषाने लिहिली, पुरुषाने साकारली. तिची सोशिकता पुरुषाच्या गोड गळ्यातून आल्यामुळे अधिकच अनुकरणीय ठरली. लुगड्याच्या निऱ्यांबरोबर हेही घरात आले, हे आपले समीक्षक क्वचितच सांगतात.

खुद्द बालगंधर्वांनाही या रूपाने सोडले नाही. ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’त (१९३५) त्यांनी एकनाथांची भूमिका केली, ती भागीदारी तेवढ्यावरच आटोपली. १९३८ च्या सुमारास गोहरबाई कर्नाटकी त्यांच्या मंडळीत आल्या आणि स्त्रीभूमिका करू लागल्या. अखेर खरी स्त्री त्या जागी उभी राहिली, पण गाऊ लागली ती बालगंधर्वांच्याच ढंगाने! दोघांच्या ध्वनिमुद्रिका वर्गात नाव न सांगता एकापाठोपाठ लावून पाहाव्यात. कोणता आवाज कोणाचा, हे विद्यार्थ्यांना चटकन ओळखता येईलच असे नाही.