मोबाइलच्या स्पर्धा भरवा, पण दिवसाउजेडी

वाचकहो, गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांत एक प्रश्न पुन्हा पुन्हा येतो आहे. मुलगा रात्ररात्र मोबाइलवर खेळतो आणि आता म्हणतो, तालुक्याच्या गावी 'ई-स्पोर्ट्स'ची स्पर्धा आहे, मला जाऊ द्या. पालकांना कळत नाही की ही कसली स्पर्धा, आणि पोराच्या प्रकृतीचे काय? माझे उत्तर आधीच सांगून टाकतो. जाऊ द्यावे; मात्र स्पर्धा कशी भरवली आहे ते पाहून.

ज्यांनी असली स्पर्धा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझ्या पाहण्यात आलेली स्पर्धा एका मंगल कार्यालयात होती. चार-चार जणांचे सोळा संघ, म्हणजे चौसष्ट मुले, प्रत्येकाच्या हातात स्वतःचा मोबाइल आणि कानात हेडफोन. खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया'. एक डाव साधारण अर्ध्या तासाचा. संघ शेवटपर्यंत किती टिकला याचे गुण निराळे आणि समोरचे गडी बाद केले त्याचे निराळे. पडद्यावर खेळ दिसत होता आणि माइकवरून मराठीत समालोचन चालले होते. कबड्डीच्या सामन्यात असतो तोच जोर! मागच्या खुर्च्यांवर काही वडील मंडळीही होती. खेळ त्यांना कितपत समजत होता कोण जाणे, पण आपला मुलगा चार लोकांत बसून, पंचाचे ऐकून खेळतो आहे हे त्यांना दिसत होते.

हा निव्वळ रिकामटेकडेपणा आहे असे समजणाऱ्यांनी दोन-तीन गोष्टी लक्षात घ्याव्यात. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्स प्रात्यक्षिक म्हणून होते, आणि त्यात भुजच्या तीर्थ मेहता या तरुणाने पत्त्यांच्या धर्तीवरील 'हर्थस्टोन' या खेळात कांस्यपदक मिळवले. भुज काही मुंबई-पुणे नव्हे, आपल्यासारखेच जिल्ह्याचे गाव. २०२३ मध्ये हांगझोऊला हे खेळ पदकतालिकेत आले. त्याआधी डिसेंबर २०२२ मध्ये भारत सरकारने ई-स्पोर्ट्सला बहुक्रीडा स्पर्धांतील एक प्रकार म्हणून मान्यता दिली होती. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी केली आणि ई-स्पोर्ट्स त्यांच्यापासून वेगळे ठरवले. तेव्हा जिथे पैज लागते तिथे मुलाला पाठवू नका, हे ओघानेच आले.

आता प्रकृतीचे. माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान डोळ्यांचे नसून झोपेचे आहे. परगावचे संघ रात्रीच ऑनलाइन सापडतात, म्हणून सराव रात्री दहाला सुरू होतो आणि दोनला संपतो. सकाळी पोरगे वर्गात पेंगते. किशोरवयात आठ ते दहा तास झोप लागते. ती पाचावर आली की चिडचिड, डोकेदुखी, अभ्यासात मन न लागणे ही सगळी मालिका सुरू होते. आणि गंमत अशी, की ज्या चपळाईवर हा खेळ चालतो तीच झोपेअभावी जाते. सलग सतरा तास जागा असलेल्या माणसाच्या हालचाली थोडी दारू प्यालेल्या माणसाइतक्या मंदावतात, असे प्रयोगांत दिसून आले आहे. मुलांना 'जागू नका' म्हटले तर ती ऐकत नाहीत. 'जागलात तर हराल' म्हटले की कान टवकारतात, हा माझा अनुभव आहे.

गावातल्या स्पर्धेचे महत्त्व मला इथे वाटते. सामना रविवारी सकाळी दहाला आहे म्हटल्यावर संघ आदल्या रात्री आपसूक लवकर झोपतो. सरावाला गावातलाच दुसरा संघ मिळाला की संध्याकाळी सहा ते आठ खेळून पोरे जेवायला घरी येतात. घड्याळ आयोजकाच्या हातात असते. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्रीपासून सकाळी सहापर्यंत ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला होता. २०२२ च्या सुरुवातीला तो रद्द झाला. कायद्याने जे साधणे अवघड, ते गावच्या वेळापत्रकाने बरेचसे साधते. म्हणूनच 'नाइट टूर्नामेंट' भरवणाऱ्या मंडळांना माझी हात जोडून विनंती आहे, की क्रिकेटची ही नक्कल इथे नको.

दुसरी तक्रार अंगठ्याची. अकरावीतला एक मुलगा आईबरोबर दवाखान्यात आला. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या कडेला सूज, पाण्याची बादलीही उचलवत नव्हती. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीच्या बाजूला वाकवायला सांगितले तर कळवळला. तिथल्या स्नायुबंधांच्या आवरणाला सूज येते तेव्हा असे होते. पट्टी बांधून तीन आठवडे विश्रांती सांगितली, तर आईऐवजी मुलाचेच डोळे भरून आले, कारण पुढच्या रविवारी सामना होता आणि त्याच्या संघात बदली खेळाडू नव्हता. चार म्हणजे चारच. मोठ्या स्पर्धांत पाचवा खेळाडू ठेवण्याची सोय असते. गावच्या आयोजकांनीही ती ठेवावी. त्याच्या मित्रांनी शेवटी शेजारच्या गल्लीतला एक मुलगा उभा केला आणि हा पट्टी बांधलेल्या हाताने मागे बसून सूचना देत राहिला. सामना हरले ते. अंगठा मात्र बरा झाला.

डोळ्यांविषयी पालक फार घाबरतात. टक लावून पाहताना पापण्यांची उघडझाप निम्म्याहूनही कमी होते, त्यामुळे डोळे कोरडे पडतात व चुरचुरतात. दर वीस मिनिटांनी नजर वीस फुटांपलीकडे न्यावी म्हणतात, पण डाव चालू असताना ते कोण करणार? म्हणून दोन डावांमध्ये पंधरा मिनिटांची सुटी हवी आणि त्या सुटीत मुलांना मंडपाबाहेर उन्हात काढावे. मोबाइल टेबलावर ठेवून बाहेर जायचे, हा नियमच करावा. मान आणि पाठही तेवढ्यात मोकळी होते. साध्या प्लॅस्टिकच्या खुर्चीबरोबर टेबल दिले की कोपर टेकते आणि मान कमी वाकते. एवढ्याला काही फार खर्च येत नाही.

प्रायोजक म्हणून 'एनर्जी ड्रिंक'वाले पुढे येतात. त्या डब्यांवर मुलांसाठी योग्य नसल्याची सूचना छापलेली असते. कॅफिनने छाती धडधडते, हात थरथरतो आणि रात्रीची झोप उडते. लिंबू सरबत ठेवावे, पोहे ठेवावेत.

'माझ्या मुलाला व्यसन लागले आहे का?' असे विचारणाऱ्या पत्रलेखकांस: खेळण्यावर ताबा न राहणे, बाकी सगळ्यापेक्षा खेळच मोठा होणे आणि नुकसान दिसत असूनही तो न थांबणे, असे साधारण वर्षभर चालले तर जागतिक आरोग्य संघटना त्याला विकार म्हणते. आवड असणे म्हणजे विकार नव्हे. ठरल्या वेळी मोबाइल खाली ठेवू शकणारा मुलगा स्पर्धेला जाण्यास योग्य. जेवण, शाळा आणि मित्र सोडून बसलेल्याला आधी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यावे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत तर २०१४ पासून अशा तक्रारींसाठी स्वतंत्र बाह्यरुग्ण विभाग आहे.

आणखी एक. ज्यांना आकडी येते अशा काही मुलांना लखलखत्या प्रकाशाने झटका येऊ शकतो. नाव नोंदवून घेतानाच आयोजकांनी प्रत्येकाला याबद्दल विचारावे, आणि त्या दिवशी जवळच्या डॉक्टरांचा फोन नंबर पंचाच्या टेबलावर लिहून ठेवावा.