विश्लेषण : जिमच्या लॉकरमधून चोरी, ‘व्यवस्थापन जबाबदार नाही’ ही पाटी पुरेशी आहे का?

पहाटेची बॅच उरकून पुण्याची लोकल किंवा तळेगाव एमआयडीसीतील कामाची पाळी गाठणाऱ्या मावळातील अनेकांचे पाकीट, मोबाइल आणि दुचाकीची किल्ली तासभर जिमच्या लॉकरमध्ये असते. लोणावळ्यात सुट्टीसाठी आलेले पाहुणेही हॉटेलच्या जिममध्ये हेच करतात. लॉकर फोडला गेला, की उत्तर ठरलेले असते : ‘पाटी वाचली नाही का?’ पण या पाटीला कायद्यात किती किंमत आहे?

पाटी लावली की जबाबदारी संपते?

नाही. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलमध्ये १९९८ मध्ये कर्मचाऱ्याकडे पार्किंगसाठी सोपवलेली मोटार चोरीला गेली. पावतीवर ‘मालकाच्या जबाबदारीवर’ असे छापलेले होते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१९ मध्ये हॉटेलला जबाबदार धरले. मोटार ताब्यात घेतल्यावर पुरेशी काळजी घेतली होती हे आधी हॉटेलने दाखवायचे, त्याआधी छापील अटीचा आडोसा घेता येणार नाही, असा या निकालाचा अर्थ आहे.

लॉकरची किल्ली सदस्याकडेच असेल तर?

इथे जिमची बाजू थोडी बळकट होते. ‘वस्तू आमच्या ताब्यात दिलीच नव्हती’ असे जिम म्हणू शकते. मात्र फेब्रुवारी २०२१ मध्ये बँक लॉकरच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, की आत काय आहे हे बँकेला ठाऊक नसले तरी लॉकर सुरक्षित ठेवण्याचे तिचे कर्तव्य संपत नाही. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने नियम केले. त्यांत सीसीटीव्ही चित्रण किमान १८० दिवस जपण्याची अट आहे. हे नियम जिमला लागू नाहीत. तरीही ‘आम्ही फक्त पेटी दिली’ एवढेच उत्तर पुरत नाही, हे त्यामागचे तत्त्व जिमविरुद्ध मांडता येते.

जिमचे नेमके काय चुकते?

चोरी प्रत्येक वेळी टाळता येईलच असे नाही; चोरीनंतरची हयगय मात्र टाळता येते. कपडे बदलण्याच्या खोलीत कॅमेरा लावता येत नाही, तो गुन्हा ठरू शकतो. म्हणूनच त्या खोलीच्या दाराबाहेरचा कॅमेरा आणि प्रवेशाची नोंद यांना महत्त्व असते. अनेक यंत्रणांमध्ये जुन्या चित्रणावर नवे चित्रण आपोआप चढते. ‘मॅनेजर आले की बघू’ म्हणत आठवडा काढला, तर पुरावाच पुसला जातो. लेखी तक्रार न घेणे, आधीच्या चोऱ्या इतर सदस्यांपासून लपवणे, तुटलेल्या कड्या न बदलणे या बाबी सेवेतील त्रुटी म्हणून मांडता येतात.

पोलीस ठाणे कोणते?

मावळात हा प्रश्न खरोखर पडतो. लोणावळा, कामशेत आणि वडगाव मावळ ही ठाणी पुणे ग्रामीण पोलिसांकडे, तर तळेगाव दाभाडे पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे आहे. पण १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार, दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्द न पाहता कोणत्याही ठाण्यात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक माध्यमातूनही देता येते. मात्र तीन दिवसांत स्वाक्षरी करावी लागते. पाच हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी अदखलपात्र ठरू शकते. त्यामुळे वस्तूची किंमत बिलासह नोंदवावी.

ग्राहक आयोगात जाता येते का?

हो. सदस्यत्वाचे शुल्क भरणारा हा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार ग्राहक आहे. जिल्हा आयोगाची ५० लाखांची मर्यादा मालाच्या किमतीवर नव्हे, तर सेवेसाठी मोजलेल्या रकमेवर ठरते. ही रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही. मुदत दोन वर्षांची आहे. तक्रारदार राहतो किंवा काम करतो त्या जिल्ह्यातही दाद मागता येते. त्यामुळे लोणावळ्यात फसलेल्या मुंबईकराला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

अडचण एकच : लॉकरमध्ये नेमके काय होते, हे सिद्ध कसे करायचे? मोबाइलचे बिल असते. रोख रकमेचे आणि गळ्यातल्या साखळीचे काय? दागिने आणि मोठी रोकड घरीच ठेवणे म्हणूनच शहाणपणाचे.

पहिल्या तासात काय करावे?

लॉकर आणि कुलूप तसेच ठेवून छायाचित्र काढावे. ‘अमुक वेळेचे चित्रण आणि प्रवेशनोंदी जपून ठेवा’ असा लेखी अर्ज किंवा ई-मेल जिमला द्यावा आणि पोच घ्यावी. बँकेला कळवून कार्ड आणि यूपीआय बंद करावे. पैसे गेले असतील तर १९३० वर फोन करावा. पोलीस तक्रारीनंतर ‘संचार साथी’वर मोबाइल ब्लॉक करता येतो.

चोर सापडेल की नाही, हे जिमच्या हाती नाही. त्या सकाळचे चित्रण जपायचे की पुसू द्यायचे, हे मात्र पूर्णपणे तिच्याच हाती आहे. पाटीमागे लपणाऱ्या जिमला विचारायचा पहिला प्रश्नही तोच.