'कन्सल्टेशन' आणि 'कन्करन्स'

इंग्रजीतील 'कन्सल्टेशन' व 'कन्करन्स' हे दोन्ही शब्द लॅटिन कुळातील होत. पहिल्याच्या मुळाशी मसलत करणे हा अर्थ आहे, तर दुसऱ्याच्या मुळाशी एकत्र धावणे. दोन्ही प्रसंगी दुसऱ्याचे मत घेतले जाते, म्हणून त्यांची गल्लत होते. तथापि 'कन्सल्टेशन'मध्ये निर्णय विचारणाऱ्याच्याच हाती राहतो. 'कन्करन्स'मध्ये दुसऱ्याच्या होकारावाचून निर्णयच होत नाही. विवाह ठरविताना मामाला विचारणे आणि वधूचा होकार घेणे यांत जे अंतर, तेच येथे आहे. मराठीत पहिल्यास 'विचारविनिमय' व दुसऱ्यास 'सहमती' म्हणणे योग्य ठरेल.

भारतीय संविधानकारांना हा भेद पुरता ठाऊक होता. मूळ अनुच्छेद ३७० मध्ये हे दोन्ही शब्द शेजारी-शेजारी आढळतात. सामीलनाम्यातील विषयांशी जुळणाऱ्या बाबींसाठी जम्मू-काश्मीर शासनाशी 'कन्सल्टेशन' पुरेसे होते. इतर बाबींसाठी त्याचे 'कन्करन्स' आवश्यक होते. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या नेमणुकीविषयीच्या अनुच्छेद १२४ मध्ये मात्र 'कन्सल्टेशन' हाच शब्द योजिला आहे. तेथे सरन्यायाधीशांचे 'कन्करन्स' असावे, अशी सूचना मे १९४९ मध्ये संविधान सभेत आली होती. सरन्यायाधीशही अखेर माणूसच, त्यांच्या एकट्याच्या हाती नकाराधिकार देणे धोक्याचे, असे सांगून डॉ. आंबेडकरांनी ती अमान्य केली.

१९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही 'कन्सल्टेशन' म्हणजे 'कन्करन्स' नव्हे, असाच निर्णय दिला. १९९३ मध्ये मात्र नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सरन्यायाधीशांच्या मतास प्राधान्य दिले. हे मत त्यांचे एकट्याचे नसून चार ज्येष्ठतम सहकाऱ्यांसह बनलेले असावे, असे १९९८ मध्ये स्पष्ट झाले. अशा रीतीने शब्द तोच राहिला, परंतु त्याचा अर्थ सहमतीच्या निकट गेला. ही पद्धती बदलू पाहणारी ९९ वी घटनादुरुस्ती २०१५ मध्ये रद्द ठरली.

तेव्हा भाषांतरकाराने काय करावे? अनुच्छेद १२४ मध्ये 'सहमती' लिहिल्यास न्यायालयाचा अन्वयार्थ मूळ पाठात शिरेल आणि संविधान सभेने नाकारलेला शब्द तिच्याच तोंडी घातला जाईल. पाठात 'विचारविनिमय' हाच शब्द ठेवून त्याच्या अर्थाचा प्रवास भाष्यात सांगणे, हेच प्रामाणिकपणाचे होय. अन्वयार्थ बदलू शकतात. पाठ मात्र विधिवत दुरुस्तीखेरीज बदलता येत नाही.